शिबिरानंतरची चिठ्ठी

माझ्या थोरल्या मावशीच्या घरी देव्हाऱ्याखाली पत्र्याचा एक डबा असतो. रेशनकार्ड, पासबुक, सातबारा, लाइटबिलं, सगळे कागद त्यात. तिच्या पहिल्या किमोच्या आदल्या रात्री आधार कार्ड शोधताना मला त्या डब्यात एक चिठ्ठी सापडली. चार घड्या घातलेली, घडीवर फाटत आलेली. वर शिबिराचा शिक्का, खाली डॉक्टरांची सही आणि मधे इंग्रजीत दोन ओळी : डाव्या स्तनात गाठ, पुढील तपासणीसाठी पाठवावे. तारीख साडेआठ महिन्यांपूर्वीची.

"मावशी, ही चिठ्ठी कुणाला दाखवली नाहीस?"

"कुणाला दाखवायची गं? इंग्रजीत लिवलेली. मला वाटलं तपासल्याची पावती हाय. डाक्टरीण बाई म्हणल्या होत्या मोठ्या दवाखान्यात जाऊन या म्हणून. मग सोयाबीन काढायला आलं, मग धाकटीचं बाळंतपण. आन् गाठ दुखत बी नव्हती."

शिबिर ऑक्टोबरात झालं होतं. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर बातमी आली, एवढ्या एवढ्या महिलांनी शिबिराचा लाभ घेतला. त्या आकड्यात माझी मावशी मोजलेली होती. शिबिराच्या वहीत तिचं नाव होतं, गाव होतं, वय ५६ लिहिलेलं होतं, तिच्या मुलाचा मोबाइल नंबरही होता. साडेआठ महिन्यांत त्या नंबरवर एकही फोन गेला नाही. तपासणाऱ्या डॉक्टर कामात चोख होत्या. गाठ त्यांच्या हाताला लागली, त्यांनी सांगायचं ते सांगितलं. पण चिठ्ठी मावशीच्या हातात पडल्यावर पुढचं काम कुणाचं, हे त्या मांडवात कुणीच ठरवलेलं नव्हतं. मला त्याचा राग आहे. तो अजून गेलेला नाही.

कॅन्सरच्या दवाखान्याने गावात जाऊन नेमकं करायचं काय, या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे : जनजागृती. ४ फेब्रुवारीला फेरी, ऑक्टोबरात गुलाबी फिती, महाविद्यालयात व्याख्यान, भिंतीवर पोस्टर. यातलं काहीही वाईट नाही. पण माझं म्हणणं असं की ज्याच्या अंगावर संशयाची खूण सापडली, त्याचा उपचार पुरा होईपर्यंत त्याची पाठ न सोडणं हे दवाखान्याचं गावातलं पहिलं काम आहे. तेवढी माणसं आणि तेवढी तयारी नसेल, तर शिबिर भरवण्याआधी दोनदा विचार करावा. कारण पाठपुरावा नसलेल्या शिबिरातून बाई घरी जाते ती "तपासून झालं" हे समाधान घेऊन, आणि पुढचे आठ महिने ते समाधानच तिला दवाखान्यापासून लांब ठेवतं.

हे मी हवेत बोलत नाही. आमच्याच भागात, बार्शीत, याचा धडा फार पूर्वी गिरवला गेला आहे. १९८७ साली बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी कॅन्सरची नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातली देशातली ती पहिलीच. मुंबईत अशी नोंदणी १९६० च्या दशकापासून होती, पण शहरात काम तुलनेनं सोपं : रुग्णालयांची कागदपत्रं आणि मृत्यूचे दाखले तपासले की बहुतेक नावं मिळतात. खेड्यात माणूस निदान न होताच मरायचा. "पोटाच्या दुखण्यानं गेली", "अंगावरून जाऊन जाऊन गेली", एवढीच गावाकडे नोंद. तेव्हा बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाचे डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यकर्ते गावोगाव पाठवले. ते लोकांत बसायचे, कोणती लक्षणं दिसली की दुर्लक्ष करायचं नाही ते सांगायचे, तसं कुणी गावात आहे का विचारायचे, आणि असेल त्याला बार्शीच्या रुग्णालयात आणण्याची खटपट करायचे. काही महिन्यांनी पुन्हा त्याच गावात.

पुढे जे घडलं ते शास्त्रीय नियतकालिकांत छापून आलेलं आहे. थोड्याच वर्षांत त्या भागात गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं, आणि त्या बायकांचं जगण्याचं प्रमाणही सुधारलं. नवं यंत्र आलं नव्हतं, नवं औषध आलं नव्हतं. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या कार्यकर्त्यांना नोंद पुरी करायचीच होती. निदान झालं का, उपचार घेतले का, माणूस आहे की गेला, हे रकाने भरल्याशिवाय त्यांचं काम संपत नव्हतं. त्यामुळे त्यांना त्या उंबऱ्यावर परत जावंच लागलं. आमच्या शिबिराच्या वहीला नाव, गाव, वय आणि मोबाइल एवढेच रकाने होते. म्हणून ती वही त्याच संध्याकाळी मिटली.

बार्शीच्याच बळावर १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास झाला. बार्शीचं रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था असे तिघे त्यात होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत, हा कॅन्सर ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पेशींची चाचणी, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि काही गटांत नेहमीची व्यवस्था, म्हणजे वेगळी तपासणी नाही. आठ वर्षांनी मोजलं तेव्हा वेगळी तपासणी नसलेल्या गटात या कॅन्सरनं ६४ बायका गेल्या होत्या. एचपीव्हीची एकदाच चाचणी झालेल्या गटात, तो गट थोडा मोठा असूनही, ३४. पुढच्या टप्प्यातले कॅन्सर एकीकडे ८२, दुसरीकडे ३९. अशा अभ्यासांवर पुढे वाद झाला, तपासणीविना राहिलेल्या बायकांचं काय, असा सवाल विचारला गेला, आणि तो विचारलाच पाहिजे. त्या ६४ जणी आमच्याच शिवारातल्या होत्या. त्यांच्या जिवावर जे ज्ञान हाती आलं ते कपाटात ठेवणं हा तर दुहेरी अन्याय आहे.

मुंबईतला अभ्यास माझ्या मुद्द्याच्या आणखी जवळचा. १९९८ पासून टाटा मेमोरियलने झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखावर बायकांबरोबर काम केलं. तपासणारे हात डॉक्टरांचे नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना चार आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन आरोग्य सेविका केलं होतं. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी आणि माहिती, उरलेल्या वस्त्यांत सुरुवातीला एकदा कॅन्सरची माहिती. म्हणजे एका बाजूला आपण नेहमी करतो ते, आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा पुन्हा दारात जाणं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात झाला. मृत्यू मात्र तपासणीच्या वस्त्यांत ३१ टक्क्यांनी कमी. आणि निदान झालेल्यांपैकी उपचार घेतलेल्यांचं प्रमाण एकीकडे ८६ टक्के, दुसरीकडे ७२. या शेवटच्या दोन आकड्यांशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते. शहर एक, रुग्णालय एक, दारिद्र्य सारखं. तरी ओळखीची सेविका दारात येत राहिली तिथे जास्त बायका उपचारापर्यंत पोचल्या.

त्याच वस्त्यांत सेविकांनी हातानं स्तनांचीही तपासणी केली. वीस वर्षांनी दिसलं की पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनांच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. मावशी छप्पन्नची होती.

"लोकच येत नाहीत हो," हे वाक्य मी प्रत्येक शिबिराच्या मांडवात ऐकलं आहे. मुंबईच्या त्या वस्त्यांत १०० पैकी ८९ बायका तपासणीला आल्या. धाराशिवच्या गावांत दर पाचातल्या चार. लोक येतात. वेळ त्यांची बघावी लागते, बोलावणारी बाई त्यांच्यातली असावी लागते, आणि आडोसा नीट असावा लागतो. शाळेच्या वर्गात खिडक्यांना साड्या लावून तपासणी ठेवली की तरण्या सुना दारातूनच परत फिरतात. सोयाबीनच्या सुगीत, ऐन बाजाराच्या दिवशी शिबिर ठेवायचं आणि मग अज्ञानाला बोल लावायचा, हे बरोबर नाही.

इतकं सगळं इथंच, आपल्या मातीत सिद्ध झालेलं असताना देशाची स्थिती काय? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या १.९ टक्के निघाल्या. स्तनांची ०.९, तोंडाची ०.९. शंभरात दोनसुद्धा नाहीत. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासायची सरकारी योजना २०१६ मध्येच कागदावर आली आहे. आशाताई घरोघर जाऊन फॉर्म भरतात, तंबाखू खाता का, तोंडात न भरणारी जखम आहे का, छातीत गाठ आहे का, असं विचारतात. पण भरलेल्या फॉर्मवर "हो" अशी खूण पडली की त्या बाईला उपकेंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला कोण घेऊन जाणार? आशाताईंच्या अंगावर लसीकरण आहे, बाळंतपणं आहेत, क्षयरोग आहे, नाना सर्वेक्षणं आहेत. हे कामही त्यांच्याच माथी मारायचं असेल, तर त्याला दिवस द्या, एसटीचं भाडं द्या, मानधन द्या.

आता सांगायचं काय आणि कसं, याबद्दल. घाबरवून सांगणं सोपं असतं. सडलेल्या जबड्याचा फोटो मोठा करून लावला की मांडव गप्प होतो. पण भीतीचं काय होतं ते शेजारच्या बीड जिल्ह्यानं दाखवलं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. सरकारी पाहणीत ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची "पिशवी काढलेली" निघाली. अंगावरून पांढरं जातंय म्हणून खासगी दवाखान्यात गेलेल्या बायकांनी सांगितलं, डॉक्टर म्हणाले कॅन्सर होईल, काढून टाका. मुकादमाची उचल, बुडालेली रोजी, खाडे हे सगळं त्यामागे होतंच. पण कॅन्सर या शब्दाची दहशतही होती, आणि तिचा बाजार झाला. पांढरं जाणं पुष्कळदा नेहमीचंच असतं, नाहीतर साध्या जंतुसंसर्गाचं, आणि तो गोळ्यांनी बरा होतो. पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणं, संबंधांनंतर रक्त दिसणं, हे मात्र एक दिवसही अंगावर काढायचं नाही. हा फरक ज्या बाईला कुणी निवांत बसून सांगितला, तिला कॅन्सरपासूनही वाचवलं आणि नको त्या शस्त्रक्रियेपासूनही.

आणि सांगायचं ते तिच्या शब्दांत. "गर्भाशयग्रीवा" म्हटलं की समोरची नजर विझते. "पिशवीचं तोंड" म्हटलं की कळतं. रेडिएशनला आमच्याकडे "शेक" म्हणतात, कुणी "लाइट देतात" म्हणतं. तंबाखूबद्दल बोलायचं तर बायकांना "तुम्ही तंबाखू खाता का" असं विचारून चालत नाही. उत्तर "न्हाई" येतं आणि ते तिच्या मते खरं असतं, कारण ती मिशरी लावते. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. ते दात घासायचं साधन. लहानपणी आजीनं बोटावर दिलेलं, सकाळी लावली नाही तर पोट साफ होत नाही असं वाटणारं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. मिशरीचा तवा मात्र चुलीवरच आहे. तोंड पुरतं उघडेनासं होणं ही तोंडाच्या कॅन्सरआधीची खूण असू शकते. एकदा एका वस्तीवर आमच्याबरोबरच्या सेविकेनं बायकांना गोल बसवून आपापल्या तोंडात तीन बोटं उभी जातात का बघायला सांगितलं. हसत हसत सगळ्यांनी करून पाहिलं. एका तिशीतल्या मुलीची दोनच बोटं गेली. हसू थांबलं. तिला तिखट सोसेनासं झालं होतं, भाकरीचा घास लहान करून खात होती, आणि घरात ते कुणाला माहीत नव्हतं. व्याख्यानातल्या कुठल्याही चित्रानं हे झालं नसतं.

गाडगेबाबांच्या कीर्तनाबद्दल आमचे आजोबा सांगायचे. बाबा आधी गाव झाडायचे, मग रात्री लोकांनाच प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तरं काढायचे. आरोग्याचं शिक्षण द्यायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. आजही मुंबईत उपचाराला गेलेल्या आमच्याकडच्या किती तरी कॅन्सरच्या रुग्णांना दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळाच आसरा देते. माणसाला आजार समजावून सांगायचा आणि उपचार चालू असताना त्याची पथारी कुठे पडेल तेही बघायचं, ही दोन कामं वेगळी नाहीत.

यावर एक आक्षेप रास्त आहे. एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनीच तो मला ऐकवला : "तुम्ही अजून रुग्ण शोधून आणाल, पण आमच्याकडे शेकाच्या मशिनला आधीच रांग आहे." रांग खरी आहे. भारतात २०२२ मध्ये सुमारे १४ लाख नवे कॅन्सर रुग्ण आणि ९ लाखांवर मृत्यू झाले असा लिआँच्या त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे. रुग्णालयं वाढवली पाहिजेत यात वादच नाही. पण गर्भाशयमुखावरचा कॅन्सरपूर्व डाग गोठवून किंवा उष्णतेनं जाळून टाकता येतो, बाई त्याच दिवशी घरी जाते. तीच बाई काही वर्षांनी, कॅन्सर झाल्यावर आली तर तिला पाच-सहा आठवडे शेक, किमो आणि आतून द्यायचा शेक लागतो. रांग कमी करायचा रस्ताही गावातूनच जातो.

माझं शेवटचं भांडण मात्र गावाशी नाही, दवाखान्याच्या आतल्या शिक्षणाशी आहे. रुग्णाला शिकवणं म्हणजे सुट्टीच्या वेळी हातात पत्रक ठेवणं, अशी समजूत आहे. त्याआधी एक गोष्ट असते : त्याला काय झालंय ते त्याला सांगणं. मावशीला पहिले पंधरा दिवस कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा डॉक्टरांच्या खोलीबाहेर हात जोडून म्हणाला, आईला सांगू नका, खचेल. डॉक्टरांनी ऐकलं. मग एके दिवशी तिनं मला जवळ बोलावलं.

"वार्डात सगळ्यांना कॅन्सर हाय. मलाच तेवढी नुसती गाठ हाय का?"

मी सांगितलं. ती भिंतीकडे बघत बसली. मग विचारलं, "केस जात्यात का?" मी म्हटलं जातात, पण परत येतात. "मग आधीच भादरून घेते." त्यानंतर तिनं एकही किमो चुकवली नाही. ताप आला तर त्याच रात्री दवाखान्यात यायचं, सकाळची वाट बघायची नाही, हे तिला नर्सनं दोनदा म्हणून घेऊन पाठ करवलं होतं. एकदा तसा ताप आला आणि रात्री अकराला तिनं मुलाला उठवून मोटरसायकल काढायला लावली. आजार लपवला असता तर ती रात्र तिनं गोधडी घेऊन काढली असती.

घरच्यांची माया मला कळते. पण ज्याला आजार माहीत नाही तो पथ्य कशासाठी पाळेल, शेकाचा पाचवा आठवडा का सोसेल, आणि "तुकडा काढला की पसरतं" असं बायॉप्सीबद्दल सांगणाऱ्या शेजाऱ्याला काय उत्तर देईल? म्हणून प्रत्येक कॅन्सरच्या दवाखान्यात एक माणूस फक्त यासाठी हवा, जो घरच्यांना आणि रुग्णाला एकत्र बसवून बोलेल, महात्मा फुले योजनेचे कागद आणि रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म भरून देईल, आणि पुढच्या तारखेला रुग्ण आला नाही तर फोन करेल. टाटा मेमोरियलने २०१९ पासून अशी माणसं तयार करायचा अभ्यासक्रमच चालवला आहे. त्याचं नाव "केवट". नदी पार करून देणारा. नाव ज्यांनी ठेवलं त्यांना काम नेमकं कळलेलं आहे. मुंबईत जे लागतं ते सोलापूर, लातूर, बीडला जास्तच लागतं, कारण इथला रुग्ण दवाखान्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर राहतो.

या वर्षी आमच्या तालुक्यातलं शिबिर ठरलं तेव्हा मी नोंदणीच्या टेबलावर बसायला गेले, ते दोन रकाने हातानं आखूनच. "पुढच्या तपासणीला गेली का" आणि "उपचार पुरा झाला का". चिठ्ठ्या मराठीत लिहायची विनंती केली, डॉक्टरांनी आनंदानं मानली. अकरा बायकांना पुढे पाठवायला सांगितलं होतं. दर पंधरा दिवसांनी अकरा फोन, एवढंच काम. सहा जणी तपासून आल्या, त्यांतल्या एकीचा तुकडा कॅन्सरचा निघाला आणि तिचा उपचार सुरू झाला आहे. दोघी नको म्हणतात. त्यांच्याकडे मावशी स्वतः जाऊन आली, एक आता कबूल झाली आहे. एक टोळीबरोबर कर्नाटकात कारखान्यावर गेली, तिच्या मुकादमाचा नंबर मिळवला आहे. उरलेल्या दोघींचे फोन लागत नाहीत. त्यांची गावं माहीत आहेत. येत्या रविवारी बाजार नाही, घरीच सापडतील.